खरखरीत कातडीचा न्यूट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या ओल्या जंगलांत वीतभराहून थोडा लहान असा एक तपकिरी प्राणी राहतो. चाल मंद, दात नावापुरते, नख्या नाहीत. समोर कुणी आलं तरी त्याला पळायची घाई नसते. तरीही त्याच्या वाटेला जाणारे प्राणी फार थोडे. लोक त्याच्याबद्दल पहिला प्रश्न विषाचाच विचारतात, आणि ते साहजिक आहे. पण ते विष कुणासाठी तयार झालं हे समजल्याशिवाय हा प्राणी समजत नाही. म्हणून त्या भागावर खाली जास्त सविस्तर लिहिलं आहे.

न्यूट म्हणजे पाल का? की बेडकाचा प्रकार?

दोन्ही नाही. दिसायला तो पालीसारखा आहे: लांबट अंग, चार पाय, शेपटी. पण पाल सरपटणाऱ्या प्राण्यांपैकी आहे. तिच्या अंगावर खवले असतात आणि तिच्या अंड्याला कवच असतं. न्यूट उभयचर आहे. त्याच्या कातडीवर खवले नसतात, त्याची अंडी लिबलिबीत असतात आणि ती पाण्यातच वाढतात. बेडूक त्याचा लांबचा नातेवाईक. बेडूक मोठा होताना शेपटी गमावतो, न्यूट ती जन्मभर सांभाळतो. शेपटीवाल्या उभयचरांना सॅलॅमँडर म्हणतात, आणि त्यांच्याच एका कुळातल्या, पाण्याशी जास्त सलगी असलेल्या प्राण्यांना न्यूट. मराठीत त्याला रुळलेलं नाव नाही, कारण आपल्याकडे तो नाहीच. त्याच्या कुळातले भारतीय सदस्य थेट दार्जिलिंगच्या डोंगरांत आणि ईशान्येत भेटतात.

ही जात नेमकी कुठे आढळते?

अलास्काच्या आग्नेय टोकापासून ब्रिटिश कोलंबिया, वॉशिंग्टन, ओरेगॉन असं उतरत कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझच्या आसपासपर्यंत. मुख्यतः कॅस्केड पर्वतरांगेच्या पश्चिमेला, जिथे समुद्रावरून येणारा पाऊस अडतो आणि जंगलाची जमीन सतत दमट राहते. डबकी, तळी, संथ ओढे आणि त्यांच्या भोवतीचं पालापाचोळ्याचं जंगल एवढं त्याला पुरतं.

शास्त्रीय नाव काय, आणि त्याचा अर्थ?

टारिका ग्रॅन्युलोसा. ‘टारिका’च्या मुळाशी असलेला ग्रीक शब्द खारवून, सुकवून टिकवलेल्या देहाचा आहे, म्हणजे ममीचा. जमिनीवर राहणाऱ्या न्यूटाची कोरडी, सुरकुतलेली कातडी पाहिली की हे नाव का सुचलं ते कळतं. ‘ग्रॅन्युलोसा’ म्हणजे दाणेदार. स्किल्टन यांनी 1849 मध्ये या जातीचं वर्णन केलं. टारिका या वंशात एकूण चार जाती आहेत: हा खरखरीत कातडीचा, कॅलिफोर्निया न्यूट, सिएरा न्यूट आणि लाल पोटाचा न्यूट.

तो ओळखायचा कसा?

पाठ तपकिरी ते जवळजवळ काळी, पोट पिवळं किंवा झगझगीत नारिंगी. दोन रंगांमधली सीमा बऱ्यापैकी स्पष्ट असते. गोंधळ होतो तो कॅलिफोर्निया न्यूटाशी, कारण दोघे काही ठिकाणी एकाच तळ्यात असतात. तेव्हा डोळ्यांकडे पाहावं. खरखरीत कातडीच्या न्यूटाची खालची पापणी गडद असते, कॅलिफोर्निया न्यूटाची फिकट. शिवाय वरून पाहिलं तर कॅलिफोर्निया न्यूटाचे डोळे डोक्याच्या कडेपर्यंत आलेले दिसतात, याचे आत राहतात.

एक अडचण मात्र आहे. विणीच्या काळात नर पाण्यात उतरला की त्याची कातडी गुळगुळीत आणि फुगीर होते, शेपटीला पराची उंच पट्टी येते आणि बोटांखाली काळे, खडबडीत ठिपके येतात. त्या दिवसांत ‘खरखरीत’ हे नाव त्याला मुळीच शोभत नाही.

तो पाण्यात राहतो की जमिनीवर?

वर्षाचा काही भाग इथे, काही तिथे. एरवी ओंडक्यांखाली, दगडांखाली, पाल्यात, उंदरांनी सोडलेल्या बिळांत. पाऊस पडला की दिवसाउजेडीही जंगलाच्या वाटेवरून निवांत चालताना दिसतो. बहुतेक सॅलॅमँडर रात्री लपतछपत हिंडतात. भर दिवसा उघड्यावर फिरणं यालाच परवडतं. विणीसाठी सगळे पाण्याकडे निघतात. सखल भागात हिवाळ्याच्या शेवटापासून, उंच डोंगरात बर्फ वितळल्यावर.

त्यांचं मीलन कसं होतं?

नर मादीच्या पाठीवर बसून तिला पुढच्या पायांमागे घट्ट कवटाळतो आणि हनुवटी तिच्या नाकावर घासत राहतो. हनुवटीखालच्या ग्रंथींचा गंध तिच्यापर्यंत पोचावा म्हणून. ही मिठी तासन्‌तास टिकते, कधी दिवसभराहूनही जास्त. मग नर खाली उतरतो, तळावर शुक्राणूंची एक चिकट पुडी ठेवतो, आणि मादी ती आपल्या अवस्करानं, म्हणजे शेपटीच्या मुळाशी असलेल्या छिद्रानं, उचलून घेते. एवढं झाल्यावर नर तिला पुन्हा कवटाळतो. आता हेतू वेगळा असतो: दुसऱ्या नराला जवळ येऊ न देणं. तळ्यात नर फार असतील तर एका मादीभोवती त्यांचा गोळाच होतो.

अंडी आणि पिल्लं?

कॅलिफोर्निया न्यूटाची मादी अंड्यांचे पुंजके घालते. ही मात्र एकेक अंडं वेगळं, पाणवनस्पतींच्या देठांत आणि पानांत लपवत जाते. काम वेळखाऊ आहे, पण एक अंडं कुणाला सापडलं म्हणून बाकीची जात नाहीत. आईनं अंड्यातही विष भरलेलं असतं. मासे आणि बहुतेक पाणकिडे त्यामुळे दूर राहतात. कॅडिसफ्लाय नावाच्या कीटकाच्या अळ्या मात्र ती अंडी खातात आणि पचवतात. त्या तळाशी सरपटतात, म्हणून त्या जिथे आहेत तिथे मादी अंडी पाण्याच्या पृष्ठभागाजवळ, उंचावर चिकटवते.

साधारण तीन ते चार आठवड्यांनी डिंभ बाहेर पडतात. मानेच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे कल्ले असतात. उन्हाळ्याच्या अखेरीस कल्ले जिरतात आणि छोटे न्यूट जमिनीवर येतात. उंचावरच्या थंड तळ्यांत याला दुसरा उन्हाळा उजाडतो. जमिनीवर आलेली पिल्लं पुढची काही वर्षं जंगलातच काढतात आणि वयात आल्यावर पाण्याकडे परततात.

तो खातो काय?

किडे, अळ्या, गांडुळं, गोगलगाई, पाण्यातले बारीक जीव, इतर उभयचरांची अंडी. तोंडात मावेल आणि हलेल ते.

विष कोणतं आहे?

टेट्रोडोटॉक्सिन. जपानमध्ये फुगू माशामुळे जे बदनाम आहे तेच.

हे समजायला तीस वर्षं लागली, आणि सुरुवात विष शोधायला निघालेल्या माणसानं केलेली नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठात व्हिक्टर ट्विटी भ्रूणविज्ञानाचं काम करत होते. 1930च्या दशकात त्यांनी न्यूटाच्या भ्रूणाचे तुकडे दुसऱ्या सॅलॅमँडरच्या भ्रूणावर रोपले. रोपण झालं, पण ज्याच्यावर रोपलं ते पिल्लू लुळं पडलं. न्यूटाच्या ऊतींतून काहीतरी झिरपत होतं. 1960च्या दशकाच्या सुरुवातीला स्टॅनफर्डमध्येच मोशर, फुरमन आणि सहकाऱ्यांनी ते द्रव्य वेगळं काढलं. आधी त्याला टारिकाटॉक्सिन म्हणत. मग लक्षात आलं की फुगूतलं द्रव्य आणि हे एकच आहे. समुद्रातला मासा आणि डोंगरातला उभयचर यांच्या अंगात तंतोतंत एकच गुंतागुंतीचा रेणू सापडणं ही त्या काळी मोठी चकित करणारी गोष्ट होती, आणि खरं तर आजही आहे.

ते शरीरात करतं काय?

मज्जातंतूंतून संदेश पुढे सरकतो तो पेशीच्या भिंतीतल्या सूक्ष्म दारांतून सोडिअम आत शिरल्यामुळे. टेट्रोडोटॉक्सिनचा रेणू त्या दारात बुचासारखा बसतो. दार बंद, संदेश बंद. ओठ बधिर होतात, हातपाय गळतात आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. माणूस बराच वेळ शुद्धीवर असू शकतो. उतारा नाही, विष उतरेपर्यंत यंत्रानं श्वास चालू ठेवणं हाच उपाय. उकळल्यानं किंवा शिजवल्यानं ते नाहीसं होत नाही.

कॉफीच्या किटलीतला न्यूट आणि मेलेले तीन शिकारी, ही गोष्ट खरी आहे का?

ओरेगॉनमध्ये सांगितली जाते ती अशी: तीन शिकारी आपल्या तळावर मृत सापडले. अंगावर जखम नाही, सामान जागच्या जागी, आणि कॉफीच्या किटलीत उकळलेला न्यूट. या घटनेला आधार देणारा पुरावा नाही, ती लोककथा म्हणूनच घ्यावी. पण तिनं एक मोठं काम केलं. 1960च्या दशकात एडमंड ब्रोडी या विद्यार्थ्याच्या कानावर ती आली आणि न्यूट खरंच इतका विषारी आहे का हे तो तपासू लागला. कातडीचा अर्क त्यानं पक्षी, उंदीर, मासे, साप अशा अनेक प्राण्यांवर पाहिला. अगदी थोड्या अर्कानं जवळजवळ सगळे मेले. अपवाद एकच निघाला, तो पुढे येतो.

माणूस खरोखर दगावला आहे का?

हो. 1979 मध्ये ओरेगॉनात 29 वर्षांच्या एका तरुणानं दारूच्या नशेत पैजेखातर सुमारे 20 सेंटिमीटरचा न्यूट गिळला. दहा मिनिटांत ओठांना मुंग्या आल्या, मग बधिरपणा आणि अशक्तपणा वाढत गेला, हृदय आणि श्वास थांबले. त्याला वाचवता आलं नाही. या मृत्यूची वैद्यकीय नोंद आहे. एका मोठ्या न्यूटाच्या कातडीत अनेक माणसांना पुरेल एवढं विष असू शकतं, म्हणून हा विषय थट्टेचा नाही.

नुसता हातात घेतला तर?

धडधाकट कातडीतून हे विष आत जात नाही. धोका आहे तो तोंड, डोळे आणि जखमा यांना. हात लावलाच तर लगेच साबणानं धुवावा, तोपर्यंत चेहऱ्याला लावू नये. लहान मुलांच्या आणि कुत्र्यांच्या बाबतीत जास्त जपावं, कारण ती दिसेल ते तोंडात घालतात. पण माझं मत विचाराल तर हात लावण्याची गरजच काय? तो पळत नाही. शेजारी उकिडवं बसून मनसोक्त पाहता येतो.

एवढ्याशा प्राण्याला एवढं विष कशासाठी?

हाच खरा प्रश्न. माणूस किंवा उंदीर मारायला याहून कितीतरी कमी विषही पुष्कळ झालं असतं. उत्तर त्या एका अपवादात आहे: गार्टर साप. अंगावर लांब पट्टे असलेला, अमेरिकेत सर्वत्र दिसणारा हा साप ब्रोडींच्या प्रयोगांत टिकला. न्यूट खाऊन जगणारा जवळजवळ हाच एक.

पुढे ब्रोडी आणि त्यांचा मुलगा, तोही एडमंड ब्रोडी, या दोघांनी अनेक दशकं हा माग काढला. साप टिकतो कसा? त्याच्या स्नायूंतल्या सोडिअमच्या दारांची घडण जनुकातल्या बदलांमुळे किंचित निराळी असते, त्यामुळे विषाचं बूच तिथे नीट बसत नाही. आता पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशेब मांडून पाहा. थोडा जास्त विषारी न्यूट सापाच्या तोंडून सुटतो आणि त्याची पिल्लं उरतात. मग थोडा जास्त सोसणारा साप पोट भरतो आणि त्याची पिल्लं उरतात. मग न्यूटाला आणखी विष लागतं. दोघंही एकमेकांना ढकलत इतके पुढे गेले की बाकीच्या प्राण्यांच्या दृष्टीनं ते विष अफाट वाटतं. सापाच्या दृष्टीनं ते जेमतेम आहे.

मग सापाला हे फुकट मिळालं का?

नाही. विषाला दाद न देणारं दार रोजच्या कामात थोडं कमी पडतं असं दिसतं. जास्त सोसणारे साप सरपटण्यात मंद असल्याचं मोजमापांत आढळलं आहे, आणि मंद साप पक्ष्यांच्या तोंडी लवकर लागतो. शिवाय जास्त विषारी न्यूट गिळल्यावर साप काही तास जवळजवळ हलू शकत नाही.

साप स्वतःची सहनशक्ती जोखतोही. न्यूट तोंडात धरून, अर्धा गिळून, काही वेळानं तो बाहेर टाकून देतो. असं बाहेर आलेले न्यूट बहुतेक वेळा जिवंत असतात आणि चालू लागतात. मला या साऱ्या कहाणीतला हा सर्वांत विलक्षण क्षण वाटतो: सापाच्या घशात बसून न्यूट वाट पाहत असतो.

जो साप न्यूट पचवतो त्याच्या यकृतात विष पुढे काही आठवडे राहतं. तेवढा काळ तो साप स्वतः त्याला खाणाऱ्यासाठी विषारी असतो.

सगळे न्यूट सारखेच विषारी असतात का?

मुळीच नाही, आणि हे फार लोकांना माहीत नसतं. ओरेगॉनच्या विलामेट खोऱ्यातले आणि सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या आसपासचे न्यूट भयंकर विषारी. व्हँकुव्हर बेटावरच्या काही ठिकाणचे जवळजवळ निर्विष. सापांची सहनशक्तीही त्या त्या जागेप्रमाणे बदलते. न्यूट जिथे नाहीतच तिथल्या गार्टर सापांत ती नसल्यातच जमा.

2008 मध्ये हॅनिफिन आणि ब्रोडी पितापुत्रांनी किनाऱ्यावरच्या अनेक ठिकाणचे साप आणि न्यूट शेजारी ठेवून पाहिले. जवळपास एक तृतीयांश ठिकाणी साप शर्यत जिंकून बसला होता: तिथला सर्वांत विषारी न्यूटही तिथल्या सापाला खाता येत होता. उलट, न्यूट सापाच्या पार पुढे निघून गेला आहे असं ठिकाण सापडलं नाही. सापाला एका जनुकातल्या मोजक्या बदलांनी मोठी उडी मारता येते, न्यूटाला मात्र विषाचा प्रत्येक थेंब तयार ठेवावा लागतो. म्हणून ‘हा न्यूट किती विषारी?’ या प्रश्नाला ‘कुठल्या खोऱ्यातला?’ हे विचारल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

न्यूट स्वतःच्या विषानं का मरत नाही?

त्याच्या स्वतःच्या मज्जातंतूंतली आणि स्नायूंतली दारंही बदललेली आहेत. सापानं जी युक्ती शोधली तीच, स्वतंत्रपणे.

विष येतं कुठून?

यावर अजून वाद चालू आहे. फुगू माशाला ते खाण्यातून आणि जीवाणूंकडून मिळतं असं मानतात. न्यूटांचं तसं सरळ नाही: कोंडून, निर्विष अन्नावर ठेवले तरी त्यांचं विष वर्षभरानंतरही घटत नाही. त्यामुळे ते स्वतः बनवतात असं अनेकांचं मत होतं. मग 2020 मध्ये या न्यूटांच्या कातडीवरचे काही जीवाणू वेगळे वाढवले तेव्हा ते टेट्रोडोटॉक्सिन बनवताना आढळले. म्हणजे विषाचा निदान काही वाटा त्या भाडेकरूंचा असू शकतो.

घाबरला की तो पाठ मोडल्यासारखा का वाकतो?

डोकं आणि शेपटी वर उचलून, डोळे मिटून तो अंग उलट्या कमानीसारखं ताणतो. त्यामुळे खालचा नारिंगी रंग समोरच्याला दिसतो. हा इशारा आहे: रंग पाहा आणि विचार करा. न ऐकणाऱ्याचं काय होतं याचीही नोंद आहे. बेडकानं न्यूट गिळला, बेडूक मेला आणि न्यूट त्याच्या तोंडातून चालत बाहेर आला.

त्यांना आपलं तळं आठवतं का?

याच्या भाऊबंदांपैकी लाल पोटाच्या न्यूटावर ट्विटींनीच कॅलिफोर्नियात मोठं काम केलं. ओढ्याच्या ठरावीक पट्ट्यातले न्यूट खुणा करून डोंगरापलीकडे, कित्येक किलोमीटर दूर नेऊन सोडले. त्यांतले बरेच पुढच्या काही वर्षांत मूळ पट्ट्यात परतले. आंधळे न्यूटही परतले. वास हा त्यांचा मोठा आधार असावा. या परतीच्या वाटेत रस्ता आडवा आला की मात्र विष कामाचं नाही. बर्कलीजवळच्या टिल्डन उद्यानातला साउथ पार्क ड्राइव्ह हा रस्ता न्यूटांसाठी दरवर्षी नोव्हेंबर ते मार्च वाहनांना बंद ठेवतात. असं आणखी ठिकाणी व्हायला हवं.

ही जात धोक्यात आहे का? पाळता येईल का?

एकूण जात म्हणून आज ती सुरक्षित गणली जाते. मोठी भीती एका बुरशीची आहे. 2013 मध्ये नेदरलँड्समधल्या सॅलॅमँडरांचा फडशा पाडणारी एक नवी बुरशी ओळखली गेली. तिच्या शास्त्रीय नावाचा अर्थच ‘सॅलॅमँडर खाणारी’ असा आहे. पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत खरखरीत कातडीचे न्यूट तिच्या संसर्गानं मेले. आशियातून पाळण्यासाठी आणलेल्या प्राण्यांबरोबर ती पसरते, म्हणून अमेरिकेनं 2016 मध्ये 201 जातींच्या सॅलॅमँडरांच्या आयातीवर बंदी घातली. पाळण्याच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. रानातला न्यूट रानात राहू द्यावा, आणि घरातला कुठलाही उभयचर कधीही तळ्यात सोडू नये.

क्रेटर लेकमधल्या न्यूटांचं काय?

ओरेगॉनचं क्रेटर लेक हे माझामा ज्वालामुखीचा माथा सुमारे 7,700 वर्षांपूर्वी खचून झालेलं तळं. त्यात मासे नव्हते. तिथे माझामा न्यूट ही खरखरीत न्यूटाची उपजात राहते. तिचं पोट गडद असतं, आणि तिच्या अंगात विष जवळजवळ नाही. ज्याच्यासाठी विष लागावं असा शत्रूच पाण्यात नव्हता.

1888 पासून माणसांनी त्या तळ्यात मासे सोडले. माशांना खाद्य हवं म्हणून 1915 मध्ये क्रेफिश, म्हणजे गोड्या पाण्यातले झिंग्यासारखे प्राणी, सोडले. मासे सोडणं 1941 मध्ये थांबलं, पण क्रेफिश काठाकाठानं पसरत गेले. ते न्यूट खातात आणि न्यूटांचं अन्नही खातात. जिथे क्रेफिश पोचले तिथल्या दगडांखाली न्यूट सहसा मिळत नाहीत, आणि आता काठाचा थोडासाच भाग क्रेफिशविना उरला आहे.